मोगलाईतला मूकपट

आमच्या मुरुडला तंबूतला सिनेमा यायचा. शेवटचा खेळ झाला की दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही पोरं तंबूच्या मागं जायचो. यंत्र चालवणारा माणूस तुटक्या रिळाचे तुकडे आणि जळून बोटाएवढ्या उरलेल्या कार्बनच्या कांड्या तिथं फेकायचा. कांड्यांवर तांब्याचा पातळ मुलामा असायचा, त्यामुळं त्यांच्यासाठी मारामारी व्हायची. पण खरी किंमत रिळाच्या तुकड्याला. तो मिळाला की दुपारी घराची दारं-खिडक्या लावून घ्यायच्या. एकानं बाहेर आरसा धरून उन्हाचा कवडसा दाराच्या फटीतून आत सोडायचा, दुसऱ्यानं आत त्या कवडशात रिळाचा तुकडा आणि पुढं आजोबांच्या चष्म्याचं भिंग धरायचं. हात मागंपुढं करत राहिलं की अचानक भिंतीवर माणूस उमटायचा, डोकं खाली, पाय वर. मग तुकडा उलटा करून धरायचा. माणूस सरळ व्हायचा, पण हलायचा नाही आणि बोलायचा तर नाहीच. त्याचं बोलणं आम्हीच करायचो. कुणी त्याला मराठीत बोलवायचं, कुणी शेजारच्या गल्लीतल्या पोरांच्या दखनीत, आणि सगळ्यांनाच ते खरं वाटायचं.

त्या वयात सिनेमा मुंबईत होतो, कोल्हापुरात होतो, पुण्यात होतो, आणि आपल्याकडं तो ट्रकमधून येतो, एवढंच ज्ञान होतं. पुढं वाचायला लागलो तेव्हा पुस्तकांनीही तेच सांगितलं. नाशिकचे फाळके, कोल्हापूरचे बाबूराव पेंटर, पुण्याची प्रभात. मूकपटांच्या नकाशावर मराठवाड्याची जागा कोरी होती आणि त्यात मला काही वावगंही वाटलं नाही. दुष्काळी मुलूख, निजामाचं राज्य, शिक्षण नाही, वीज नाही. इथं कशाला कोण सिनेमा काढेल?

ती कोरी जागा मुळात कोरी नव्हती, हे कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली. माझे आजोबा ज्या राज्याची रयत होते त्याच राज्यात, त्याच राज्याच्या राजधानीत, १९२२ साली एक चित्रपट कंपनी उभी राहिली होती. स्टुडिओ होता, रसायनशाळा होती, चित्रपटगृहं होती. दोन वर्षांत तिनं पाऊण डझनभर मूकपट काढले. आणि १९२४ मध्ये एका हुकुमानं ती पुसली गेली. कंपनीचं नाव लोटस फिल्म कंपनी. ती काढणारा माणूस बंगाली होता, धीरेंद्रनाथ गंगोपाध्याय. बंगालमध्ये त्यांना नुसतं ‘डीजी’ म्हणतात.

माझं म्हणणं असं आहे की त्या हुकुमानं जे मोडलं तो एखादा सिनेमा नव्हता, ती एक कार्यशाळा होती. मराठवाड्यानं आपल्या नुकसानीचा हिशोब मांडताना ही रक्कम कधी लिहिलीच नाही.

गंगोपाध्यायांचा जन्म १८९३चा. शिक्षण कलकत्त्यात आणि शांतिनिकेतनात. पेशानं चित्रकार, माणसांची चित्रं काढण्यात हात बसलेला. पण या चित्रकाराला दुसऱ्याचा चेहरा रंगवून समाधान नव्हतं, त्याला स्वतःचाच चेहरा रंगवायचा होता. १९१५च्या सुमारास त्यांनी ‘भावेर अभिव्यक्ती’ नावाचं छायाचित्रांचं पुस्तक काढलं. त्यातली माणसं वेगवेगळी आहेत, पुरुष आहेत, बायका आहेत, आणि त्या सगळ्यांच्या आत एकच माणूस आहे, गंगोपाध्याय. कुठं भुवई जाड केली, कुठं गाल आत ओढले, कुठं पदर घेतला, कुठं खांदे पाडले, की माणूस बदलतो. आपल्याकडं बहुरूपी दारोदार फिरून हेच करत आला आहे. आज पोलीस, उद्या वाणी, परवा शंकर. गंगोपाध्यायांनी ती कला कॅमेऱ्यासमोर धरली. बोलपट येण्याच्या सोळा वर्षं आधी त्यांना कळलं होतं की कॅमेऱ्याला शब्द लागत नाहीत, त्याला चेहऱ्याचा बदल लागतो. रंगभूषेतला त्यांचा हात असा होता की पुढच्या काळात कलकत्ता पोलिसांनी आपल्या गुप्तहेरांना वेषांतर शिकवायला त्यांनाच बोलावलं.

हैदराबादशी त्यांचा संबंध सिनेमाच्या आधीचा. तिथल्या सरकारी कलाशाळेचे ते मुख्याध्यापक होते. नंतर कलकत्त्याला परतून त्यांनी, मदन थिएटर्सचे व्यवस्थापक राहिलेले नीतीश लाहिरी यांच्यासोबत, इंडो-ब्रिटिश फिल्म कंपनी काढली. १९२१ मध्ये त्यांचा ‘बिलात फेरत’ आला. दिग्दर्शन लाहिरींचं, कथा आणि मुख्य भूमिका गंगोपाध्यायांची. विलायतेहून परतलेला तरुण आणि त्याचं सनातनी घर यांची ती गंमत. त्या काळात आपले बहुतेक चित्रपट पुराणातून उतरत होते, पडद्यावर राम, कृष्ण, हरिश्चंद्र वावरत होते. अशा वेळी या माणसानं आपल्या आजूबाजूच्या लोकांना पडद्यावर आणलं आणि त्यांना त्यांच्यावरच हसायला लावलं. हिंदुस्थानी चित्रपटातल्या सामाजिक विनोदाची सुरुवात सांगायची तर इथून सांगावी लागते.

आणि यशाच्या त्या टप्प्यावर हा माणूस कलकत्ता सोडून पुन्हा हैदराबादला आला. मुंबईला नाही, निजामाच्या राज्यात. दरबाराचा विरोध नव्हता, उलट सहकार्य होतं. लोटस कंपनीनं ‘इंद्रजित’, ‘हरगौरी’, ‘चिंतामणी’, ‘ययाती’ हे पौराणिक किंवा भक्तिपर विषय केले, तसेच ‘लेडी टीचर’, ‘द मॅरेज टॉनिक’, ‘द स्टेपमदर’ असे घरगुती आणि आजचेही. नावं वाचूनच कळतं की पुराणाच्या आधारानं घर चालवायचं आणि मधूनमधून आपल्या काळाकडं वळायचं, अशी त्यांची चाल होती. यातलं एकही रीळ आज पाहायला मिळत नाही. मूकपटांच्या काळात या देशात तेराशेच्या वर चित्रपट निघाले, त्यातले अगदी मूठभर उरले. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं १९६४ मध्ये, तोवर बहुतेक रिळं जळून, वितळून, भंगारात जाऊन संपली होती. फिल्मवरची चांदी काढायला लोकांनी ती विकली. त्यामुळं लोटसची रिळं नाहीत याचं दुःख मी एकट्या निजामाच्या माथी मारत नाही. कोल्हापूरचीही फार उरली नाहीत. पण कोल्हापूरची माणसं उरली, आमची उरली नाहीत. फरक तिथं आहे.

तो फरक समजून घ्यायला हैदराबाद संस्थान कसं होतं हे डोळ्यांपुढं आणावं लागतं. आजच्या वाचकासाठी दोन शब्द. राज्यकारभार, न्यायालय, शाळा यांची भाषा उर्दू. रयत बोलायची तेलुगू, मराठी, कानडी. मराठी बोलणारे जिल्हे पाच: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. आमचं मुरुड उस्मानाबादेत. लातूर जिल्हा वेगळा झाला तो १६ ऑगस्ट १९८२ला. त्यामुळं माझ्या शाळेच्या दाखल्यावर जिल्ह्याच्या रकान्यात जे नाव आहे ते त्याच सातव्या निजामाचं, मीर उस्मान अली खान यांचं, ज्यांनी गंगोपाध्यायांना हाकललं. बार्शी इथून जवळ, पण ते इंग्रजी मुलखात. पलीकडचे लोक आम्हाला ‘मोगलाईतले’ म्हणायचे. बार्शीला जायचं तर वाटेत करोडगिरीचा नाका. इकडं हाली शिक्का, तिकडं कलदार. आजोबा सांगायचे, बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीत बसून कापसाच्या व्यवहाराला बार्शीला गेले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा चालती चित्रं पाहिली. पडद्यावर अक्षरं आली की एक माणूस ती मोठ्यानं वाचून दाखवायचा. आजोबा चौथीपर्यंत उर्दूत शिकलेले. घरात मराठी, कचेरीत उर्दू, बाजारात दोन्ही. ते म्हणायचे, “वाचणारा नसता तरी चाललं असतं. बाई रडत होती ते काय वाचून दाखवायचं?”

आजोबांच्या या वाक्यात मला मूकपटाचं सगळं बळ दिसतं. ज्या राज्यात राजाची भाषा एक आणि रयतेच्या भाषा तीन, तिथं नाटक एका भाषेच्या लोकांपुढं होतं, वर्तमानपत्र एका भाषेच्या लोकांत फिरतं, व्याख्यानाचंही तेच. सभेला परवानगी लागायची, ती मिळायची नाही. हैदराबादेतल्या मराठी माणसांनी शाळा काढल्या, ग्रंथसंग्रहालय काढलं, गणपतीचे मेळे काढले, आणि ते सगळं मोठ्या कष्टाचं काम होतं, पण ते मराठीच्या अंगणात होतं. मूकपटाला अंगण नव्हतं. वारंगळचा, गुलबर्ग्याचा आणि मुरुडचा माणूस एकाच अंधारात बसून एकाच वेळी हसू शकत होता. अशी दुसरी कला त्या राज्यात नव्हती. पडद्यावरच्या पाट्या तेवढ्या बदलल्या की झालं. चार भाषांचं ते राज्य मूकपटासाठी जणू मुद्दाम घडवलं होतं. गंगोपाध्यायांनी हे ओळखलं असेल का? त्यांनी कलकत्ता सोडून तिथं कंपनी काढली, यावरून मला तरी वाटतं की ओळखलं असावं.

मग १९२४ आलं. ‘रझिया बेगम’ हा चित्रपट गंगोपाध्यायांचा नव्हता. तो मुंबईला झाला होता. त्यांनी तो हैदराबादेत दाखवला, एवढाच त्यांचा संबंध. दिल्लीच्या तख्तावर बसलेली मुसलमान राणी आणि तिचं एका हिंदू प्रजाजनावर प्रेम, अशी गोष्ट. निजाम संतापले. गंगोपाध्यायांना राज्य सोडून ताबडतोब निघून जाण्याचा हुकूम झाला. ते गेले, आणि त्यांच्यामागं लोटसही संपली.

या प्रसंगाकडं आपण सवयीनं दोन तऱ्हांनी पाहतो. एक तऱ्हा अशी की निजाम धर्मांध होता, त्याच्याकडून दुसरं काय होणार? दुसरी अशी की बंदी तर इंग्रजही घालत होते, त्यात निजामाचं विशेष काय? दोन्ही तऱ्हा मला अपुऱ्या वाटतात, आणि पहिली तर धोक्याचीही वाटते, कारण तिच्यात विचार करायचं काम उरत नाही.

त्याच दरबारानं त्याच वर्षांत काय केलं ते पाहा. अजिंठ्याची लेणी निजामाच्या राज्यात. गुलाम यझदानी यांच्या हाताखाली पुरातत्त्व खातं काम करत होतं. भिंतींवरचे रंग सुटायला लागले म्हणून १९२० ते १९२२ या काळात थेट इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावून चित्रांचे पोपडे जागच्या जागी बसवून घेतले. बौद्ध भिक्षूंनी काढून घेतलेली चित्रं, त्यात राजकन्या आहेत, दासी आहेत, प्रेमिक आहेत, आणि एका मुसलमान राजानं ती जिवापाड जपली. पुण्याच्या भांडारकर संस्थेतलं निजाम अतिथीगृह आजही उभं आहे, आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या कामालाही पुढं निजामांनी पैसा दिला. उस्मानिया विद्यापीठ १९१८चं, देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारं, जरी ती भाषा आमची नव्हती. अशा राजाला कलेचा शत्रू म्हणता येत नाही. त्यानं अजिंठा सांभाळला आणि सिनेमावाल्याला घालवलं, या दोन गोष्टी एकाच मनातून आल्या. अजिंठ्याचं चित्र भिंतीवर स्थिर आहे. त्याचा राजा, त्याची प्रजा, दोन्ही दीड हजार वर्षांपूर्वी गेली. ते चित्र पाहायला माणूस एकेकटा येतो, दिवा धरून पाहतो आणि जातो. सिनेमात पाचशे माणसं एकत्र अंधारात बसतात आणि तख्तावरची राणी रयतेतल्या माणसाकडं प्रेमानं पाहते, ते पाहतात. राजाला खटकलं ते धर्मामुळं, हे खरंच. पण माझ्या मते त्याहून खोल असं काही खटकलं. राज्यकर्ता आणि रयत यांच्यामधली भिंत पडद्यावर पडताना दिसली. ज्या राज्यात राजा एका धर्माचा आणि बहुसंख्य रयत दुसऱ्या धर्माची, तिथं त्या दोघांचं प्रेम ही दंतकथा राहत नाही, तो राज्यघटनेवरचा प्रश्न होतो.

आता इंग्रजांच्या बंदीचं. १९२१ मध्ये ‘भक्त विदुर’ला कराची आणि मद्रासला मनाई झाली, कारण विदुरात लोकांना गांधी दिसले. बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’तला कीचकवधाचा प्रसंग इतका खराखुरा उतरला होता की त्याला कात्री लागली. म्हणजे चित्रपट कापले गेले, अडवले गेले. पण ‘भक्त विदुर’ काढणारी कोहिनूर कंपनी चालू राहिली, आणि पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनीही. इंग्रजांनी चित्रपटाला शिक्षा केली. निजामांनी चित्रपट करण्याच्या जागेलाच शिक्षा केली, तीही दुसऱ्याच्या चित्रपटासाठी.

जागा गेली म्हणजे काय गेलं, हे कोल्हापूर पाहिलं की उमगतं. म्हणून मला या दोन माणसांना शेजारी बसवावंसं वाटतं. बाबूराव पेंटर १८९०चे, गंगोपाध्याय १८९३चे. दोघेही चित्रकार. दोघांनीही सिनेमा हे चित्रकलेचं पुढचं पाऊल मानलं. दोघेही संस्थानात काम करणारे. बाबूरावांचं खरं आडनाव मेस्त्री. कोल्हापूरच्या कारागीर घरातला माणूस, नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारा. चुलतभाऊ आनंदराव आणि ते, दोघांनी मिळून परदेशी यंत्राच्या धर्तीवर कोल्हापुरातच कॅमेरा घडवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना सोबत घेऊन तो पुरा केला. गायिका तानीबाई कागलकरांनी पैसा दिला. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात नाटक, कुस्ती, गाणं, चित्रकला यांना राजाश्रयाची सवय होती. त्या सावलीत ही कंपनी वाढली. ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२०ला पुण्यात लागला. लोकमान्यांनी तो पाहिला आणि बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. १९२३चा ‘सिंहगड’ त्यांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी विजेच्या दिव्यांखाली घेतला.

पण मला या सगळ्यांहून महत्त्वाचं वाटतं ते त्या कंपनीचं रोजचं आयुष्य. तिथं सुतारकाम चालायचं, लोहारकाम चालायचं, पडदे रंगायचे, ओतीव मूर्ती व्हायच्या, फिल्म धुतली जायची. जो झाडू मारायला आला तो महिन्याभरात रंग कालवायला लागायचा. शांताराम वणकुद्रे नावाचा मुलगा असाच आला, पडेल ते काम करत ‘सुरेखा हरण’मध्ये उभा राहिला आणि सहा वर्षांत दिग्दर्शक झाला. दामले, शेख फत्तेलाल, धायबर आणि शांताराम, सगळे बाबूरावांच्या हाताखालचे. त्यांनीच १ जून १९२९ला सीताराम कुलकर्ण्यांना सोबत घेऊन प्रभात काढली. आणि फत्तेलाल हे नाव जरा थांबून वाचावं. कागलचा मुसलमान कारागीर. त्यानं दामल्यांच्या जोडीनं ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला, ज्याला १९३७ मध्ये व्हेनिसला मान मिळाला. हैदराबादेत हिंदू-मुसलमान प्रेमाची गोष्ट दाखवली म्हणून माणूस हद्दपार झाला, आणि कोल्हापुरात एका मुसलमानाच्या हातून देहूचा वाणी पडद्यावर सजीव झाला. दोन्ही संस्थानंच. वेगळेपण राजाच्या धर्मात शोधू नका, ते राजाच्या भीतीत आहे. शाहू महाराजांना आपल्या रयतेची भीती नव्हती.

कार्यशाळा म्हणजे वेळ. कोल्हापूरकरांनी सुरुवात द्रौपदी-कीचकापासून केली, मग ते शिवाजी-तानाजीकडं आले, आणि १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’पर्यंत पोहोचले. ना. ह. आपट्यांच्या कथेवरचा हा चित्रपट. कर्जापायी जमीन गमावून शहरात मजुरीला जाणारा शेतकरी, आणि त्या भूमिकेत शांताराम. मी लातूर जिल्ह्यात राहतो. इथं कर्जापायी माणसं काय करतात हे मला पुस्तकातून वाचावं लागत नाही. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी ही गोष्ट पडद्यावर आणली याचा मला अभिमान आहे, पण त्यासोबत एक हिशोबही आहे. कोल्हापूरला देवांपासून शेतकऱ्यापर्यंत यायला पाच वर्षं लागली. ती लागतातच. पहिल्या दिवशी कुणी शेतकऱ्याच्या झोपडीत कॅमेरा नेत नाही, आधी हात बसावा लागतो, मग नजर बसते. लोटसला दोन वर्षं मिळाली. तेवढ्यात ती ‘इंद्रजित’पासून ‘लेडी टीचर’पर्यंत आली होती.

यावर कुणी विचारेल, आणि विचारावंच, की हैदराबाद शहरात एका बंगाली भद्र माणसानं काढलेल्या कंपनीचा मुरुडच्या पोराशी काय संबंध? तिथं मराठी कितीसं होतं? हा आक्षेप मी झटकून टाकत नाही. हैदराबाद आमच्यापासून लांब होतं, अंतरानंही आणि मनानंही. कोल्हापुरात कंपनीच्या दाराबाहेर जी भाषा होती तीच आत होती, हैदराबादेत तसं नव्हतं. पण मराठवाड्यातला शिकू पाहणारा मुलगा त्या काळात हैदराबादलाच जात होता. वकिलीला, डॉक्टरीला, नोकरीला. उर्दू त्याला येत होती. आमच्या भागातली कितीतरी माणसं तिथल्या शाळा-कॉलेजांत शिकून परतली, आणि त्यांनीच पुढं मुक्तिसंग्राम उभा केला. कलाशाळेत जाणारा, रंग कालवणारा, यंत्राचं वेड असलेला एखादा तरी लोटसच्या दारात गेला नसता असं मला वाटत नाही. शांतारामही कोल्हापूरच्या कंपनीत दिग्दर्शक होण्याची चिठ्ठी घेऊन शिरला नव्हता.

आणि गंगोपाध्यायांना माणसं घडवता येत होती, याचा पुरावा पुढं मिळाला, फक्त तो आपल्याकडं मिळाला नाही. कलकत्त्याला परतल्यावर काही वर्षांनी त्यांनी ब्रिटिश डोमिनियन फिल्म्स काढली. त्या कंपनीत आसामच्या गौरीपूर जमीनदारीचा राजकुमार प्रमथेश बरुआ आला. देवकी बोस आले, त्यांनी १९३०च्या ‘फ्लेम्स ऑफ फ्लेश’साठी लिहिलं आणि भूमिकाही केली. बोलपटाचं वारं आल्यावर ती कंपनी टिकली नाही, पण तिथं शिकलेली माणसं न्यू थिएटर्समध्ये गेली. बरुआंनी ‘देवदास’ केला. बोसांचा ‘सीता’ १९३४ मध्ये व्हेनिसला गेला. बंगालचा बोलपट ज्या खांद्यांवर उभा राहिला त्यांतले दोन खांदे या माणसाच्या कंपनीत तयार झाले. हैदराबादहून निघताना तो रिकाम्या हातानं निघाला होता. पण शिकवायची सवय त्याच्या सोबत गेली, आणि ती जिथं गेली तिथं पीक आलं.

गंगोपाध्याय बोलपटाच्या काळातही विनोदी चित्रपट करत राहिले, भूमिका करत राहिले. १९७४ मध्ये पद्मभूषण. १९७५चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, शांतारामांना तो १९८५चा मिळाला. १९७८ मध्ये ते गेले. तेव्हा मी शाळेत होतो आणि भिंतीवर उलटी माणसं उमटवत होतो. ज्याला आमच्या मुलखाच्या राजानं हद्दपार केलं, त्याचा सत्कार मराठी माणसाच्या नावाच्या पुरस्कारानं झाला, हे मराठवाड्यातल्या एखाद्या शाळेत त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

१७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, आम्ही झेंडा लावतो, हुतात्म्यांची नावं घेतो, आणि ती घ्यायलाच हवीत. पण निजामी राजवटीनं आमच्याकडून काय नेलं याची यादी करताना आपण तुरुंग, लाठ्या, रझाकारांचे अत्याचार, दडपलेली भाषा एवढं सांगून थांबतो. एक अख्खी कला शिकण्याची संधी गेली, हे त्या यादीत नाही. आणि ती यादीत नाही म्हणून मराठवाड्यात सिनेमाचं शिक्षण हा विषय निघाला की आपलेच लोक म्हणतात, ही आपली परंपरा नाही. परंपरा होती, ती दोन वर्षांची होऊन मेली. मेलेल्या लेकराचंही नाव घरात ठेवतात.

ते नाव शोधायचं तर उर्दू यायला हवी. निजामी राजवट कागदावर चालायची. हुकूम, गश्त्या, कोतवालीच्या मिसली, जकातीचे दाखले, सगळं लिहिलं जायचं, तेही बऱ्याचदा शिकस्ता वळणात, जे आज उर्दू शिकलेल्यालाही चटकन वाचता येत नाही. त्या काळातले बस्ते हैदराबादेत तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहेत. आमच्या विद्यापीठांतून मुक्तिसंग्रामावर प्रबंध लिहिले जातात, त्यांत आठवणी असतात, मुलाखती असतात, मराठी वृत्तपत्रं असतात. दरबाराचा स्वतःचा कागद क्वचित. मोडी शिकवणारे वर्ग सगळीकडं निघाले, चांगलं झालं. मराठवाड्यात मोडीच्या जोडीला शिकस्ता शिकवली नाही तर आमचा अर्धा इतिहास आमच्याच घरात कुलूपबंद राहील. आजोबांची पिढी दोन्ही लिप्या वाचत होती. वडिलांच्या पिढीनं उर्दू टाकली, कारण ती जुलमाची भाषा वाटली. त्यांचं मला समजतं. पण भाषेनं कुणाला हद्दपार केलं नव्हतं.

आमच्या घरी पत्र्याच्या एका पेटीत आजोबांचे काही कागद आहेत. जाड, पिवळे, वर गोल शिक्का. जमिनीचे असावेत असं आम्ही धरून चाललो होतो. गेल्या वर्षापासून गावातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडं मी रोज संध्याकाळी तासभर बसतो. ते मला पाटीवर गिरवायला लावतात, त्यांची नातवंडं माझ्याकडं पाहून हसतात. परवा पहिल्यांदा पेटीतल्या कागदावरच्या एका ओळीवर माझं बोट थांबलं. लाम, अलिफ, ते, वाव, रे. लातूर. बाकीची ओळ अजून लागलेली नाही.